तीस वर्षांपूर्वीची परीक्षा

जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात, बहुधा खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, एक फलक असतो. त्या खुर्चीत आजवर बसून गेलेल्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे दोन तारखा. बैठकीला बोलावून साहेब स्वतःच व्हीसीत (व्हिडिओ बैठकीत) अडकलेले असले की आपण समोर बसून करणार काय? मी तो फलक वाचते. वरच्या ओळींत इंग्रज नावं, मधूनच एखादं देशी, १९४७ नंतर सगळी आपली. आणखी खाली आलं की अक्षरं बारीक होत जातात, कारण फलक तेवढाच राहिला आणि साहेब भराभर बदलायला लागले. रंगाऱ्याने जागा पुरवून पुरवून लिहिलेलं दिसतं. बऱ्याच खाली, कधीतरी, पहिलं ‘श्रीमती’ येतं.

मंत्रालयात मी सहायक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कारभाराच्या उतरंडीत ही जागा अगदी तळाशी नाही, पण तळापासून फार वरही नाही. कार्यासनातून, म्हणजे आमच्या टेबलावरून, टिप्पणी निघते, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव असं करत सचिवांकडे जाते, तिथून मंत्र्यांकडे, आणि त्याच जिन्याने खाली उतरते. वरचे साहेब मला समोरासमोर भेटले ते मोजक्या वेळा. त्यांची खरी ओळख झाली ती शेऱ्यांवरून. ‘चर्चा करावी’ लिहिणारे साहेब होते. त्यातल्या निम्म्यांना चर्चा नको असायची, वेळ हवा असायचा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ लिहिणारे होते; आता नियम काय आहे हेच तर आम्ही विचारलेलं असायचं. आणि क्वचित कुणी दीड पान स्वतःच्या हाताने लिहायचं: कार्यासनाचा प्रस्ताव मान्य नाही, कारणं ही, आणि या निर्णयाची जबाबदारी माझी. असं पान आलं की ती नस्ती, म्हणजे फाइल, आमच्याकडे हातोहात फिरायची. प्रस्ताव आमचाच फेटाळलेला असायचा, तरीही.

या वाचनामुळे मला एक खोड लागली. नवा मुख्य सचिव किंवा नवा कॅबिनेट सचिव, म्हणजे केंद्रातला सर्वात वरचा सनदी अधिकारी, नेमला गेला की बातम्यांत ‘नवं नेतृत्व’ असा शब्द येतो, आणि मी आधी बॅच, म्हणजे सेवेत आल्याचं वर्ष, बघते. टी. व्ही. सोमनाथन ऑगस्ट २०२४ मध्ये कॅबिनेट सचिव झाले, बॅच १९८७. म्हणजे त्यांना निवडणारी परीक्षा झाली तेव्हा राजीव गांधी पंतप्रधान होते, परवाना राज शाबूत होतं आणि घराघरात फक्त दूरदर्शन होतं. प्रशासकीय सेवेत खालून वर यायला तीस-पस्तीस वर्षं लागतात, मधून शिरायला जवळजवळ जागा नसते. त्यामुळे शिखरावर जो बसतो तो तीस वर्षांपूर्वीच्या देशाने निवडलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की आपल्या प्रशासनाचा इतिहास जरा वेगळा दिसायला लागतो.

सुरुवातच पाहा. कंपनीच्या काळात सनदी नोकरी शिफारशीवर मिळायची. १८५३ च्या सनदी कायद्याने ती स्पर्धेसाठी खुली केली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले. पहिले हिंदी आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले), आणि नोकरी सगळी आपल्या मुंबई इलाख्यात. निवृत्त झाले तेव्हा ते साताऱ्याला न्यायाधीश होते. म्हणजे स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून पहिला हिंदी माणूस आत यायला आठ वर्षं लागली. पण हिंदी माणसं संख्येने इतकी असावीत की शिखरावर दिसतील, यासाठी परीक्षा हिंदुस्थानात व्हावी लागली, आणि ती सुरू झाली १९२२ मध्ये. त्याच वर्षी लॉइड जॉर्जने ब्रिटिश संसदेत या सेवेला ‘पोलादी चौकट’ म्हटलं. चौकटीत बाहेरचं पोलाद मिसळायला लागलं त्याच वर्षी तिचं कौतुक झालं, याची मला गंमत वाटते.

महाराष्ट्राच्या आठवणीत आयसीएसवाला म्हटला की दोन नावं येतात आणि दोघेही गोळ्या झाडून मारले गेले. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्याची घरं उलथीपालथी करणारा रँड, १८९७. आणि नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, १९०९. दुसऱ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याला संस्कृतची जाण होती, लोक त्याला पंडित म्हणायचे, त्याची बदली झाली होती आणि निरोपाच्या नाट्यप्रयोगाला तो आला असताना अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गाठलं. माणूस व्यासंगी असून भागत नाही, तो कुणाच्या वतीने त्या खुर्चीत बसला आहे हे लोक पाहतात. वरिष्ठ अधिकाऱ्यांविषयी आजही हे तितकंच खरं आहे, गोळ्या सोडल्या तर.

तिसरं नाव आपल्याला अभिमानाने घ्यावंसं वाटतं ते चिंतामणराव देशमुखांचं. १९१८ ला लंडनच्या आयसीएस परीक्षेत पहिले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रात अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. त्या राजीनाम्यावर आपल्याकडे खूप लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. माझ्या खोडीप्रमाणे मी फक्त तारखा जोडते. १९१८ ची परीक्षा, पंचवीस वर्षांनी गव्हर्नर. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इंग्रजांनी निवडलेला तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यात इंग्रजांचीच मध्यवर्ती बँक चालवायला लागला आणि पुढे स्वतंत्र देशाची तिजोरी त्याच्याकडे आली. ज्यांनी निवडलं त्यांना हा शेवट दिसला नव्हता. निवडणाऱ्यांना तो कधीच दिसत नाही.

आता स्वातंत्र्यानंतरचं. सरदार पटेलांनी २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये नव्या भारतीय प्रशासकीय सेवेच्या परिविक्षाधीन, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या, अधिकाऱ्यांपुढे भाषण केलं. २००६ पासून तो दिवस नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी बक्षिसं वाटली जातात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं १० ऑक्टोबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. अनेक सदस्यांना आयसीएसवाल्यांचा राग होता, आणि तो रास्त होता. त्यांच्यापैकी कित्येकांना याच साहेबांच्या सहीने तुरुंगात टाकलं होतं. पटेल स्वतः त्याच तुरुंगांतून आलेले. तरी ते उभे राहिले आणि म्हणाले की आपलं मत मोकळेपणाने मांडू शकणारी अखिल भारतीय सेवा नसेल तर देश एकत्र राहणार नाही. संविधानात अशा सेवांसाठी कलम ३१२ आलं, आणि जुन्या आयसीएसवाल्यांच्या सेवाशर्तींना कलम ३१४ ने संरक्षण मिळालं. ते संरक्षण १९७२ मध्ये अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने गेलं.

पण संरक्षण जाण्याने माणसं गेली नाहीत. पहिले कॅबिनेट सचिव एन. आर. पिल्लई आयसीएस. त्यांच्यानंतर १९५३ ते ५७ यशवंतराव सुखटणकर, तेही आयसीएस. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला आठवत नाही, पुढे ते ओडिशाचे राज्यपाल झाले. ही रांग चालत राहिली ती निर्मलकुमार मुखर्जींपर्यंत, आणि ते निवृत्त झाले १९८० मध्ये. इंग्रज गेले १९४७ ला. त्यांच्या परीक्षेने निवडलेला शेवटचा कॅबिनेट सचिव घरी गेला तेहेतीस वर्षांनी. पंचवार्षिक योजना, भाषावार प्रांतरचना, तीन युद्धं, बँकांचं राष्ट्रीयीकरण, आणीबाणी, या सगळ्याच्या नस्त्यांवर शेवटची सही करणाऱ्यांत परक्या सरकारने पारखलेली माणसं होती. लोक याला वसाहतीचा वारसा म्हणतात आणि पुढे जातात. मला यात हिशेब दिसतो. एखादी सेवा बदलायचं आज ठरवलं तरी तिचा माथा बदलायला एक पिढी जाते.

मुखर्जींवर थोडं थांबते, कारण हा माणूस मला फार आवडतो. जून १९७५ मध्ये ते केंद्रीय गृहसचिव होते. आणीबाणी जाहीर व्हायच्या दोन-तीन दिवस आधी त्यांना त्या पदावरून हलवलं गेलं आणि एस. एल. खुराणा आले. हलवलं का, हे वेगळं सांगायची गरज नाही. १९७७ मध्ये सरकार बदलल्यावर तेच मुखर्जी कॅबिनेट सचिव झाले. आणि निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी या आयसीएसच्या शेवटच्या शिलेदाराने लेखी प्रश्न विचारला की आपल्याला अखिल भारतीय सेवांची गरज तरी उरली आहे का. ज्या शिडीने आपण वर आलो ती आता काढून ठेवावी का, असं जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून विचारायला वेगळीच माती लागते. त्यांच्या मताशी मी सहमत नाही. बाहेरच्या राज्यातून आलेला, स्थानिक सोयरीक-भाऊबंदकी नसलेला अधिकारी जिल्ह्यात असण्याचा फायदा मी टंचाईच्या नस्त्यांत पाहिला आहे: टँकर कुणाच्या वाडीला आधी, हे त्याला पाहुण्यांना विचारावं लागत नाही.

स्वतंत्र भारताने निवडलेली पहिली पिढी वर आली ती ऐंशीच्या दशकात, आणि त्यात मराठी माणसं ठळक होती. भालचंद्र देशमुख, १९५१ ची बॅच, १९८६ ते ८९ कॅबिनेट सचिव. राम प्रधान, १९५२ ची बॅच. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा त्यांचे खासगी सचिव, नंतर महाराष्ट्राचे मुख्य सचिव, मग केंद्रीय गृहसचिव. १९८५ च्या आसाम करारावर त्यांची सही आहे. ३० जून १९८६ हा त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मिझोराम करारावर सही झाली ती त्याच दिवशी, मिझो बंडखोरांचे नेते लालडेंगा यांच्या सहीशेजारी. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि दोन भाषणं असतात. दुपारनंतर कुणी कागद पुढे करत नाही. दोन दशकं चाललेलं बंड ज्या कागदाने थांबलं तो कागद त्यांनी त्या दिवशी हातावेगळा केला.

तिसरे माधव गोडबोले, १९५९ ची बॅच. बाबरी मशीद पडली तेव्हा ते केंद्रीय गृहसचिव होते. मार्च १९९३ मध्ये मुदतीआधीच त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा त्यावर उलटसुलट बोललं गेलं. आधीच का नाही सोडली, असंही म्हणणारे होते. मंत्रालयातल्या आमच्या जेवणाच्या डब्यांभोवती मात्र चर्चा वेगळीच होती. इतक्या वरच्या खुर्चीतून कुणी उठू शकतं, याचंच लोकांना आश्चर्य वाटत होतं.

त्या पिढीला ताठ राहणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही, पण एक सोय होती. त्यांचा बराचसा घडणीचा काळ जिल्ह्यात गेला होता, आणि तिथे ते टिकून होते. त्याच १९९३ मध्ये, सप्टेंबरच्या शेवटच्या पहाटे, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. मंत्रालयातून आदेश येईपर्यंत तिथली यंत्रणा ताटकळत बसली असती तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. जिल्हा ओळखीचा असलेला अधिकारी अशा वेळी नस्ती उघडण्याआधी निर्णय घेतो आणि कागद मागून येतात. वरिष्ठ होण्याचं शिक्षण मसुरीच्या अकादमीत सुरू होतं खरं, पण ते पुरं होतं ते अशा ठिकाणी.

आणि इथेच घाव बसला. बदल्या. याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून लांबण लावत नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचा कायदा केला. एका पदावर साधारण तीन वर्षं, असं त्यात अखिल भारतीय सेवेच्या अधिकाऱ्यांसाठीही लिहिलं. त्याच कायद्यात नस्ती कुणाकडेही सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असंही आहे, आणि आम्ही ते कलम एकमेकांना वाचून दाखवायचो, विनोद म्हणून. २०१३ मध्ये निवृत्त कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळं नेमा, किमान कार्यकाळ ठरवा, आणि तोंडी आदेश मिळाला तर अधिकाऱ्याने तो लिहून ठेवावा. पुढच्याच वर्षी नियमात दुरुस्ती झाली, केडरच्या, म्हणजे सेवेसाठी राखलेल्या, पदावर किमान दोन वर्षं. आणि तरीही आपल्याच राज्यात २००५ च्या बॅचच्या तुकाराम मुंढेंच्या बदल्या विसाच्या पुढे गेल्या. त्यांच्या कामाच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. मलाही त्यांच्या काही गोष्टी पटत नाहीत. पण वर्षभराच्या आत हलवला जाणारा माणूस चांगला आहे की वाईट हे ठरवायलासुद्धा वेळ मिळत नाही. असे कित्येक मुंढे ज्यांची बातमी होत नाही, ते आणखी पंधरा वर्षांनी सचिव होतील, आणि त्यांच्या पाठीशी एकाही जिल्ह्याचा सलग पावसाळा-उन्हाळा-पावसाळा नसेल.

दुसरा बदल वरच्या मजल्यांवर झाला आणि आम्हाला तो खालून फार उशिरा कळला. एके काळी केंद्रात कॅबिनेट सचिव म्हणजे शेवटचा शब्द. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी एल. के. झा यांना पंतप्रधानांचे सचिव नेमलं, इंदिराबाईंच्या काळात पी. एन. हक्सर आले, आणि हळूहळू वजन त्या कार्यालयाकडे सरकलं. राज्यांनी तोच कित्ता गिरवला. त्यात पदनामंही वाढली. पूर्वी खात्याला सचिव असायचा. पुढे प्रधान सचिव आले, मग अपर मुख्य सचिव. यामागे कारभाराची गरज किती आणि बढतीची वेतनश्रेणी देण्याची सोय किती, हे कार्यासनातल्या सहायकालाही ठाऊक असतं. डोक्यावर साहेब वाढले की प्रत्येक साहेबाचा शब्द थोडा हलका होतो. ‘मुख्यमंत्री कार्यालयाशी बोलणे झाले आहे’ एवढं वाक्य नस्तीवर आलं की त्याच्या वरची सगळी पानं नुसती औपचारिक होऊन जातात. कोण बोललं, काय बोललं, याची नोंद नसते.

माझा तीस वर्षांचा हिशेब एका ठिकाणी मात्र साफ चुकतो. अण्णा राजम १९५१ च्या बॅचच्या, भारतीय प्रशासकीय सेवेतल्या पहिल्या महिला. १९५१ मध्ये तीस-पस्तीस मिळवले तर ऐंशीच्या दशकात बायका शिखरावर दिसायला हव्या होत्या. महाराष्ट्रात पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, आल्या त्या ३० जून २०२४ ला. राज्याला तेव्हा चौसष्ट वर्षं झाली होती. परराष्ट्र सेवेत चोकिला अय्यर परराष्ट्र सचिव झाल्या त्या २००१ मध्ये. सोमनाथन यांच्यापर्यंतच्या कॅबिनेट सचिवांत एकही बाई नाही. म्हणजे परीक्षेचा दरवाजा उघडून भागत नाही, मधे चाळण्या असतात. एक चाळण तर नियमातच लिहिलेली होती: सेवेतल्या स्त्रीने लग्न केलं तर सरकार तिचा राजीनामा मागू शकेल. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा बढती नाकारल्यावर कोर्टात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी विचारलं की पुरुषाच्या लग्नाने कामात अडथळा येत नाही, तो बाईच्याच लग्नाने कसा येतो. निकाल लागेपर्यंत सरकारने त्यांना बढती देऊन टाकली होती. दुसरी चाळण कुठेच लिहिलेली नव्हती. ‘त्यांना महिला व बालकल्याण द्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते शासन निर्णयातच असावं असं वाटावं. गृह, वित्त, महसूल, नगरविकास यांचा अनुभव नसेल तर वर जाताना तो नसणंच कारण म्हणून पुढे येतं.

याच्या उलट भाषेचा दरवाजा उघडला तो हिशेबाप्रमाणे चालला. कोठारी समितीच्या अहवालानंतर १९७९ पासून परीक्षेची रचना बदलली आणि मुख्य परीक्षा भारतीय भाषांतून लिहिता येऊ लागली. भूषण गगराणी १९९० च्या बॅचला मराठीतून परीक्षा देऊन आले आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या मुलांनी हा रस्ता आपला मानला. १९९४ च्या परीक्षेपासून इतर मागासवर्गीयांसाठी सत्तावीस टक्के जागा राखल्या गेल्या. आता मिळवा तीस. मंडलनंतरची पहिली बॅच सचिवपदाच्या उंबरठ्यावर आली ती या दोन-चार वर्षांत. सचिवपदांना आरक्षण नाही, तिथे पॅनेलवर, म्हणजे पात्र ठरवलेल्यांच्या यादीत, यावं लागतं, त्यामुळे किती जण उंबरठा ओलांडतात ते आता दिसेल. नव्वदच्या दशकात जे आंदोलनांत रस्त्यावर उतरले होते त्यांच्यापैकी कुणाला आठवतही नसेल की त्या निर्णयाचं खरं फळ २०२५ नंतर हाती येणार होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला हा फरक कानांनी कळला. आधी साहेबांच्या दालनात टिप्पणी नेली की इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यायचं आणि साहेबांनी ते अर्धवट समजून घ्यायचं, अशी रीत होती. नंतरचे काही साहेब टिप्पणीतला सातबाराचा घोळ स्वतःच्या घरचा असल्यासारखा उलगडायचे. एकाने मला विचारलं होतं, हा फेरफार तलाठ्याने नोंदवला, पण मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला का? इतक्या वरून हा प्रश्न त्याआधी मला कुणी विचारला नव्हता.

म्हणूनच बाहेरून थेट सहसचिव घेण्याच्या वादात मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. बाहेरची माणसं पूर्वीही आली. मनमोहन सिंग १९७१ मध्ये वाणिज्य मंत्रालयात सल्लागार म्हणून आले, विजय केळकर पेट्रोलियम सचिव आणि पुढे वित्त सचिव झाले, आणि कुणाचं बिघडलं नाही. २०१८ मध्ये दहा सहसचिवांसाठी जाहिरात निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंचेचाळीस पदांची निघाली आणि आरक्षणाच्या मुद्द्यावर तीन दिवसांत मागे घ्यावी लागली. आरक्षणाचा आक्षेप मला पटतो: तीस वर्षं पायऱ्या चढून जे उंबरठ्याशी आले, नेमका त्याच वेळी बाजूचा दरवाजा उघडला तर त्यांना काय वाटेल? पण सेवेतले लोक म्हणतात तसं बाहेरच्याला ‘शासन कळत नाही’, हे काही मला पटत नाही. आतल्या कितीतरी जणांना शासन निर्णय निघाला की काम झालं असंच वाटतं. तो तालुक्याला पोचून त्याचं काय होतं हे ज्याने पाहिलं आहे तो आतला, एवढीच माझी व्याख्या.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, आणि नस्त्यांचे ढिगारेच्या ढिगारे जळाले. नंतर ई-ऑफिसला जोर आला. हस्ताक्षर गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. काही साहेबांचं अक्षर लावण्यात आमचे दिवस गेले आहेत, आणि हिरव्या शाईचा मान केंद्रात सहसचिवापासून पुढे, तोही क्वचित वापरायचा, असल्या बारकाव्यांनी कुणाचं पोट भरत नाही. संगणकावर नस्ती कुणाकडे किती दिवस आहे ते दिसतं, ही मोठी गोष्ट आहे. पण शेवटी शेवटी मी पाहिलं की पडद्यावर शेरे एकाच छापाचे यायला लागले. ‘मान्यतेस्तव सादर’, ‘सादर’, ‘सादर’, ‘मान्य’. आणि खरा निर्णय त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला. वरिष्ठ अधिकाऱ्याचा दिवस आता आढावा बैठकींत जातो. भिंतीवर जिल्ह्यांची क्रमवारी, लाल रंगातल्या जिल्ह्याची हजेरी. यात वाईट काही नाही, शौचालयं आणि घरकुलं अशा पाठपुराव्यानेच झाली. फक्त त्या तक्त्यात ‘हे करू नये’ असं लिहायला रकाना नसतो.

ते दीड पान का दिसेनासं झालं याचं उत्तर कुणी नीतिमत्तेत शोधतं, मी गोपनीय अहवालात, म्हणजे वरिष्ठाने दरवर्षी करायच्या मूल्यमापनात, शोधते. पूर्वी अहवालात वरिष्ठ चार ओळी लिहायचे. आता एक ते दहा गुण असतात, आणि अधिकाऱ्याला ते दाखवावे लागतात. पारदर्शकतेसाठी हे चांगलं झालं. पण गुण दाखवायचे म्हटल्यावर सगळेच नऊच्या आसपास गेले, आणि मग ज्याला साडेसात मिळाले तो बढतीच्या रांगेतून बाहेर पडला. साडेसात गुण वाईट नसतात. तरी वीस वर्षांनी पॅनेलवर नावं चढतात तेव्हा ते खड्ड्यासारखे दिसतात. लेखी नकाराची किंमत त्या दिवशी कळत नाही, ती इतक्या लांबून वसूल होते.

निवृत्तीच्या आधी माझ्या कार्यासनात एका जिल्ह्याची नस्ती आली होती. एका प्रकल्पाला जमीन द्यायची होती. जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस अनुकूल, विभागाची अनुकूल, वरही सगळे अनुकूल. सोबत प्रांतांचा, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांचा, अहवाल जोडलेला होता. या प्रांत होत्या दोन-तीन वर्षांपूर्वी मसुरीहून आलेली एक मुलगी. तिने लिहिलं होतं की वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत, ते निकाली निघाल्याशिवाय जमीन देता येणार नाही, आणि कोणत्या गावाचे किती दावे याची यादी लावली होती. भाषा साधी, एकही विशेषण नाही, खाली सही. मी टिप्पणीत तो अहवाल पहिल्या पानावर घेतला, कारण एवढं माझ्या हातात होतं. नस्ती वर गेली. तिचा त्या वर्षीचा गोपनीय अहवाल लिहायचा होता तो जिल्हाधिकाऱ्यांनी, आणि ज्या शिफारशीला तिने हरकत घेतली होती ती त्यांचीच होती.